अंगठीची हकिकत: आधीची आणि नंतरची



लहान मुलांना गोष्ट सांगण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले आहे, मग तो शाळेतला गुरुजी असो की घरातली आजी, त्याला एक अनुभव हटकून येतो. सोमवारी सांगितलेली गोष्ट गुरुवारी पुन्हा सांगावी आणि राजाच्या घोड्याचा रंग बोलण्याच्या ओघात बदलावा, की मागल्या रांगेतून आवाज आलाच म्हणून समजा, ‘गुरुजी, त्या दिवशी घोडा पांढरा होता!’ मोठी माणसे असल्या चुका ऐकून सोडून देतात. पोर सोडत नाही. गोष्टीतला घोडा त्याच्या लेखी खराच असतो, आणि खऱ्या घोड्याचा रंग चार दिवसांत बदलत नसतो.

इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे, 1930 च्या आगेमागे, एका प्राध्यापकाच्या घरी नेमके हेच घडत असे. हिवाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचा चहा झाला, की हे गृहस्थ आपल्या तीन मुलांना स्वतः रचलेली एक गोष्ट वाचून दाखवीत. सर्वांत धाकटा ख्रिस्तोफर तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. एके दिवशी त्याने मध्येच बापाला अडविले. मागच्या खेपेला नायकाच्या घराचे दार निळे होते, आज ते हिरवे कसे झाले? आणि अमक्याच्या टोपीचा गोंडा सोनेरी होता, तो आता रुपेरी कसा? बाप पोरावर चरफडले खरे. पण उठून टेबलाशी गेले आणि दुरुस्ती टिपून ठेवली. ख्रिस्तोफरने मोठेपणी ही आठवण स्वतःच लिहून ठेविली आहे.

हे प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टोल्कीन. जन्म 1892 चा, दक्षिण आफ्रिकेतला, शिक्षण इंग्लंडात, आणि व्यवसाय जुन्या इंग्रजी भाषेच्या अध्यापनाचा. पगारात भागेना म्हणून सुट्टीत शालेय परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे जादा काम ते घेत. शिक्षक बंधुभगिनींना हा प्रकार समजावून सांगावयास नको! असाच एकदा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उपसत असता एका परीक्षार्थ्याने कोरे सोडलेले पान त्यांच्या हाती लागले. तपासावयाला काही नाही, या आनंदात त्यांनी त्या पानावर ‘हॉबिट’ नावाच्या कुणा प्राण्याविषयी एक वाक्य खरडले. हॉबिट म्हणजे काय, ते त्यांचे त्यांनाही त्या वेळी ठाऊक नव्हते. त्या एका वाक्यातून पुढे ‘द हॉबिट’ ही अद्भुत कादंबरी झाली. लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने ती 21 सप्टेंबर 1937 रोजी प्रसिद्ध केली. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या 1,500, आणि त्या नाताळच्या आतच खपल्या. हस्तलिखित छापावे की नाही याबद्दल प्रकाशक स्टॅन्ले अनविन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाचा, रेनरचा अभिप्राय घेतला होता, आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. प्रकाशकाच्या धंद्यात त्या शिलिंगाइतके फळ फार थोड्या पैशांना आले असेल.

आता या पुस्तकाची एक गंमत अशी, की आज दुकानात जी ‘हॉबिट’ मिळते ती 1937 सालची ‘हॉबिट’ नव्हे. दार निळे की हिरवे एवढ्यापुरता हा फरक नाही. पुस्तकाच्या ऐन गाभ्यातले एक प्रकरण लेखकाने चौदा वर्षांनी फिरविले, आणि फिरविताना असा एक मार्ग काढला की ज्याला तोड सापडणे कठीण. त्या प्रकरणाचीच हकिकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

आधी कथानक थोडक्यात सांगतो. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचा, पायांवर दाट केस असलेला, सहा वेळा जेवणारा, टेकडीच्या पोटात नीटनेटके घर करून राहणारा जीव. साहसाचे नाव काढले की त्याच्या कपाळाला आठी पडते. अशा एका बिल्बो बॅगिन्स नावाच्या सुखवस्तू हॉबिटला गॅन्डाल्फ नावाचा म्हातारा जादूगार तेरा बुटक्यांच्या संगतीने घराबाहेर काढतो. एका राक्षसी सर्पाने बळकावलेला त्या बुटक्यांचा वडिलोपार्जित खजिना परत मिळवायचा असतो. वाटेत डोंगराखालच्या भुयारांत बिल्बो सोबत्यांपासून चुकतो. मिट्ट काळोखात चाचपडताना त्याच्या हाताला जमिनीवर पडलेली एक अंगठी लागते. ती तो खिशात टाकतो आणि पुढे सरपटत एका भूमिगत तळ्याच्या काठी येऊन पोहोचतो. त्या तळ्यातल्या खडकाच्या बेटावर गॉलम राहतो. हा दिव्यासारख्या डोळ्यांचा, हडकुळा, कच्चे मासे खाणारा आणि स्वतःशीच बडबडणारा प्राणी. बिल्बोच्या हातात तलवार आहे, म्हणून गॉलम लगेच झडप घालीत नाही. दोघांमध्ये कोडी घालण्याची पैज लागते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनी हुमाणे घालावीत, तशीच ही कोडी. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार, हे दोन्ही आवृत्त्यांत सारखेच आहे.

पण गॉलम हरला तर? इथे वाट फुटते.

1937 च्या पुस्तकात गॉलम म्हणतो, मी हरलो तर तुला भेट देईन. ही भेट म्हणजे त्याच्याजवळची अंगठी. बोटात घातली की माणूस दिसेनासा करणारी. पैज रंगते. शेवटी बिल्बोला कोडे सुचेना, तेव्हा तो खिशात हात घालून स्वतःशीच पुटपुटतो, की खिशात काय बरे आहे? गॉलम ते कोडेच समजतो. तीन वेळा चुकतो आणि हरतो. मग तो शब्दाप्रमाणे भेट आणावयास बेटावर जातो, पण अंगठी सापडत नाही. बिचारा ओशाळतो, पुनःपुन्हा क्षमा मागतो आणि अंगठीच्या ऐवजी ताजे मासे देऊ करतो! बिल्बोच्या एव्हाना ध्यानात आलेले असते की हरवलेली वस्तू आपल्याच खिशात आहे. पण तो गप्प राहतो. मासे नकोत, त्यापेक्षा मला बाहेरची वाट दाखव म्हणतो. गॉलम त्याला भुयारातून वाटेपर्यंत नेऊन सोडतो, दोघे सभ्यपणे निरोप घेतात, आणि प्रकरण संपते. अंगठी सापडली असती तर ती मलाच मिळावयाची होती, असे म्हणून बिल्बो आपल्या मनाची समजूत घालतो.

तुम्ही शेतकरी मंडळी हिशेबाला पक्की. तुमच्या लक्षात आलेच असेल की बिल्बोने इथे एका कामाचे दोनदा दाम घेतले. अंगठीही ठेवली आणि वाटही विचारून घेतली. पण हे सारे हसण्यावारी जाते. गॉलम तिथे किळसवाणा असला तरी खेळाचे नियम पाळणारा आहे, आणि अंगठी ही परीकथेतल्या शंभर जादूच्या वस्तूंपैकी एक आहे. निजण्यापूर्वी ऐकावयास ही गोष्ट उत्तमच आहे. ऐकून पोर स्वस्थ झोपेल.

पुस्तक खपले तसे अनविन यांनी दुसरे पुस्तक मागितले. डिसेंबर 1937 मध्ये टोल्कीन यांनी लेखणी उचलली. हॉबिटांची आणखी एक गोष्ट, एवढाच बेत होता. पण दुसरी गोष्ट पहिलीला जोडायची कुठे? शोधता शोधता त्यांचा हात त्या अंगठीवर पडला. ही कुठून आली? तिचा मूळ मालक कोण? या प्रश्नांची उत्तरे देता देता बारा वर्षे गेली, मध्ये महायुद्ध होऊन गेले, आणि मुलांच्या गोष्टीतून ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. 1954 आणि 1955 साली तो तीन खंडांत निघाला. त्यात ही अंगठी केवळ माणूस अदृश्य करणारी राहिली नाही. ती एका दुष्ट सत्ताधीशाने घडविलेली, धारण करणाराला हळूहळू पोखरणारी वस्तू झाली. तिचा मुख्य गुण असा, की ज्याच्याजवळ ती आहे तो स्वखुशीने ती दुसऱ्याला देऊच शकत नाही. दारूचे व्यसन लागलेला माणूस जसा उद्यापासून सोडतो म्हणतो आणि उद्या कधी उजाडत नाही, तशी ही गत.

झाली का पंचाईत? जी वस्तू कुणी देऊ शकत नाही, तीच गॉलम पैजेवर लावतो आणि हरल्यावर द्यावयाला धावतो! नवा ग्रंथ खरा मानावा तर जुने प्रकरण खोटे पडते. आणि जुने प्रकरण तर हजारो मुलांच्या हाती जाऊन दहा वर्षे झाली होती. दार निळे की हिरवे, हे विचारणारा आता एकटा ख्रिस्तोफर नव्हता.

पुढे जे झाले त्यात टपालाचाही थोडा हात आहे. सप्टेंबर 1947 मध्ये टोल्कीन यांनी अनविन यांच्याकडे ‘हॉबिट’मधील काही मुद्रणदोषांची यादी पाठविली. सोबत पाचवे प्रकरण नव्याने लिहून त्याचा नमुनाही जोडला. असे केले तर कसे दिसेल, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. त्यावर कोणी काही लिहिले नाही. टोल्कीन यांनी बेत सोडल्यासारखाच केला. प्रकाशकांच्या कचेरीत मात्र तो नमुना पुढील छपाईसाठी आलेली दुरुस्ती म्हणून ठेवला गेला. तीन वर्षांनी, 1950 च्या उन्हाळ्यात, नव्या आवृत्तीची मुद्रिते तपासणीसाठी टोल्कीन यांच्या घरी आली. उघडून पाहतात तो नवे प्रकरण छापून तयार! ते चकित झाले. नको म्हणावयाला अजून वेळ होती. पण वाचून पाहता ते बरे उतरले आहे असे त्यांचे मत पडले, आणि त्यांनी ते राहू दिले. 1951 साली दुसरी आवृत्ती बाहेर पडली. एवढा मोठा फेरफार अशा गैरसमजातून पक्का झाला, हे नवल नव्हे काय?

आता नव्या प्रकरणात काय आहे ते पाहा. कोडी तीच आहेत, खिशाचा प्रश्नही तोच आहे. पैज मात्र बदलली. गॉलम हरला तर त्याने बाहेरची वाट दाखवायची. तो हरतो, आणि काहीतरी आणावयाचे निमित्त सांगून बेटावर जातो. त्याच्या मनात काळे आहे. अंगठी घालून अदृश्य व्हावे आणि येऊन बिल्बोचा गळा धरावा, हा त्याचा डाव. तिथे अंगठी नाही. त्याबरोबर काळोखातून जी किंकाळी उठते तिच्यात आधीच्या क्षमायाचनेचा मागमूस नाही. आणि मग त्याला तो प्रश्न आठवतो: याच्या खिशात काय होते? बिल्बो जीव घेऊन पळतो, ठेचकाळतो, अंगठी आपोआप त्याच्या बोटात सरकते, आणि गॉलम त्याला न पाहता त्याच्या अंगावरून पुढे धावतो. चोर पुढे पळाला अशा समजुतीने तो थेट बाहेरच्या वाटेकडे जातो. अदृश्य बिल्बो त्याच्या मागोमाग. म्हणजे गॉलम शेवटी वाट दाखवितोच, पण न कळत आणि मनाविरुद्ध.

बाहेर पडण्याच्या तोंडाशी गॉलम दबा धरून बसतो. बिल्बोची वाट अडते. हातात तलवार आहे, शत्रूला तो दिसत नाही, आणि हा शत्रू त्याला खावयास निघाला होता. एक घाव घातला की मोकळा. त्या क्षणी बिल्बोला दिसते, की समोरचा जीव किती एकटा आहे. उजेड नाही, आशा नाही, दिवसामागून दिवस दगड आणि थंड मासे. तलवार खाली येते. तो गॉलमच्या डोक्यावरून काळोखात उडी घेतो आणि निसटतो. मागून शापाचे शब्द येतात: चोर, बॅगिन्स चोर!

हे अर्धे पान 1937 च्या पुस्तकात नव्हते. असण्याचे कारणच नव्हते. जिथे कुणी कुणाचा गळा धरावयाला निघालेला नाही, तिथे जीवदान कोण कुणाला देणार? गॉलम दुष्ट झाला तेव्हाच बिल्बोला दया करण्याची संधी आली. आणि थोरल्या ग्रंथाचा शेवट ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे, की सारे जग त्या उडीवर टेकलेले आहे. अंगठी ज्वालामुखीत टाकण्याच्या अखेरच्या क्षणी बिल्बोचा पुतण्या फ्रोडो कच खातो. टाकणार नाही म्हणतो. गॉलम त्याच्यावर तुटून पडतो, बोटासकट अंगठी तोडून घेतो, आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन तिच्यासह आगीत पडतो. सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी भुयारात एक घाव पडला असता तर तिथे गॉलम नसता.

दुरुस्ती झाली. पण जुन्या प्रतींचे काय? एखादा लेखक म्हणाला असता, आधीचे विसरा, आता हे खरे. अनेक लेखक असेच करतात आणि त्यांना कुणी जाबही विचारीत नाही. टोल्कीन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी एक टिपण जोडले आणि त्यात वेगळेच सांगितले. त्यांच्या म्हणण्याचा मतितार्थ असा, की आपण तर केवळ बिल्बोच्या रोजनिशीवरून हकिकत लिहिणारे. आधीच्या आवृत्तीत छापले ते बिल्बोने सोबत्यांना सांगितलेले आणि आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलेले. ते खोटे होते! गॅन्डाल्फने खोदखोदून विचारले तेव्हा खरे बाहेर आले, आणि आता दिले आहे ते खरे.

काय केले पाहा. लेखकाची चूक त्यांनी पात्राची लबाडी करून टाकली. आणि ही लबाडी उगीच चिकटविलेली नाही, ती बिल्बोच्या स्वभावाला आणि अंगठीच्या गुणाला अगदी बसते. एरवी सरळमार्गी असलेला हा गृहस्थ अंगठी मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी खोटे बोलतो. का? तर ती आपण उचलली नाही, पैजेत जिंकली, तिच्यावर आपला हक्क आहे, हे जगाला पटवून देण्यासाठी. गॉलमही तिला वाढदिवसाची भेट म्हणत असे. प्रत्यक्षात त्याने ती मित्राचा खून करून मिळविली होती. दोघांनी सारखीच कथा रचावी, इथेच गॅन्डाल्फला संशय येतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रस्तावनेत हा सारा पाठभेद मांडलेला आहे, आणि रोजनिशीच्या कित्येक नकलांत जुनीच हकिकत राहून गेली आहे असेही तिथे म्हटले आहे. त्यामुळे 1937 ची प्रत ज्या मुलाच्या घरी होती, त्याचे पुस्तक रद्द झाले नाही. उलट बिल्बोचे मूळ खोटे त्याच्याकडे शब्दशः, खुद्द बिल्बोने सांगितले तसे, शिल्लक राहिले. शेताच्या बांधावरून भांडणारे दोन भाऊ आपापली हकिकत तलाठ्याला कशी सांगतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला बिल्बोचे ते पहिले निवेदन मुद्दाम वाचण्यासारखे वाटेल.

दुरुस्तीचा हात एकदा सैल सुटला की आवरणे कठीण. 1960 साली टोल्कीन यांनी सारी ‘हॉबिट’ थोरल्या ग्रंथाच्या धाटणीत पुन्हा लिहावयास घेतली. पहिल्या पुस्तकात निवेदक मधून मधून मुलांशी थेट गप्पा मारतो. ही लहान मुलांना उद्देशून बोलण्याची ढब पुढे त्यांना स्वतःलाच आवडेनाशी झाली होती. अंतरे, वाटा, चंद्राच्या कला, सर्व काही नकाशाशी जुळविण्याचा घाट त्यांनी घातला. तिसऱ्या प्रकरणापर्यंत जाऊन त्यांनी काम थांबविले. एका स्नेह्याला ती पाने वाचावयास दिली असता, लिखाण उत्तम आहे पण ही ‘हॉबिट’ नव्हे, असा अभिप्राय आला असे सांगतात. ती अपुरी पाने त्यांच्या पश्चात, 2007 साली, छापली गेली. ती वाचताना मलाही त्या स्नेह्याचे म्हणणे पटले. पाचव्या प्रकरणाचा बदल गोष्टीने मागितला होता. हा बदल नकाशाने मागितला होता.

किरकोळ फेरफार पुढेही झाले. अमेरिकेत ग्रंथहक्काची भानगड उपस्थित झाल्यामुळे 1966 मध्ये सुधारून काढलेली आवृत्ती निघाली. तिच्यात ‘इतक्या लांब पोलीस येत नाहीत’ अशा अर्थाचे एक वाक्य गाळले गेले. त्या जुन्या जगात पोलीस कुठून येणार? आणि बिल्बोच्या फडताळातल्या थंड कोंबडीबरोबरचे टोमॅटो जाऊन तिथे लोणचे आले. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, तो त्या प्राचीन भूमीत नसावा म्हणून हे केले, असे अभ्यासक मानतात. तंबाखूही अमेरिकेचीच, पण बिल्बोची चिलीम काढून घेण्याचे धाडस लेखकाला झाले नाही! स्वतः टोल्कीनही चिलीमभक्त होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्चर्य वाटत नाही.

टोल्कीन 1973 साली वारले. बापाची दुरुस्ती करणारा ख्रिस्तोफर मोठेपणी बापाच्या कागदपत्रांचा संपादक झाला आणि 2020 मध्ये मृत्यू येईपर्यंत पाठभेद लावण्याचेच काम करीत राहिला. जुने पाचवे प्रकरण आज इंग्रजी जाणणारास वाचावयाचे असेल, तर टीपांसह निघालेल्या ‘हॉबिट’च्या आवृत्तीत ते मिळते, ही सटीप आवृत्ती प्रथम 1988 साली निघाली. त्यात गॉलम अजूनही बेटावर अंगठी शोधतो आहे, ती न सापडल्याबद्दल क्षमा मागतो आहे आणि पाहुण्याला मासे देऊ करतो आहे. बिल्बो त्याचे आभार मानतो, आणि खिशातला हात बाहेर काढीत नाही.